पृथ्वीच्या ओढीतून सुटताना: मुक्तिवेग, ऊर्जा आणि संवेग यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या भागातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की पहिल्याच महिन्यात इंग्रजी पुस्तकापाशी अडखळतात. एस्केप व्हेलॉसिटी म्हणजे मुक्तिवेग, मोमेंटम म्हणजे संवेग, कॉन्झर्व्हेशन म्हणजे अक्षय्यता, एवढं कळलं की निम्मी भीती जाते. उरलेल्या निम्म्या भीतीमागे खरे प्रश्न असतात आणि ते विचारायलाच हवेत. रविवारच्या वर्गात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावर मला दरवर्षी जे विचारलं जातं, ते इथे उत्तरांसह लिहिते आहे.

बाई, वर टाकलेलं खाली येतंच की! मग एखादी वस्तू सुटून जाते कशी?

येतं, कारण आपण टाकतो ते फार हळू. शाळूच्या राखणीला माळ्यावर बसलेल्या माणसानं गोफणीतला दगड सेकंदाला ३२ मीटर वेगानं सरळ वर सोडला, असं समजा. हवेचा अडथळा तूर्त बाजूला ठेवू. तो दगड साधारण ५२ मीटर चढेल, क्षणभर थांबेल आणि परत येईल. ५२ मीटर ही गोकाकच्या धबधब्याची उंची. आता पावसाळ्यात तिथे कठड्याजवळ उभं राहून उलट बाजूनं बघा. घटप्रभेचं पाणी कड्यावरून सुटतं तेव्हा खालच्या दिशेनं त्याचा वेग जवळजवळ शून्य असतो आणि तळाशी पोचताना तो सेकंदाला सुमारे ३२ मीटर होतो. दगडाचा आणि पाण्याचा हिशेब एकच आहे, फक्त एक खालून वर वाचायचा आणि दुसरा वरून खाली. स्थितिज ऊर्जा जेवढी कमी होते तेवढी गतिज ऊर्जा वाढते.

हाच धबधबा मनात मोठा करत न्या. १०० मीटर, १०० किलोमीटर, चंद्राइतका उंच, आणि शेवटी इतका उंच की वरचं टोक अनंत अंतरावर. तिथून स्थिर अवस्थेत सुटलेली वस्तू जमिनीवर किती वेगानं आदळेल? गंमत ही की उत्तर अनंत येत नाही. ते येतं सेकंदाला ११.२ किलोमीटर. मग तेवढ्याच वेगानं खालून वर सोडलेली वस्तू अनंतापर्यंत चढत जाईल आणि तिथे पोचेपर्यंत तिचा वेग शून्याकडे येत राहील. हाच मुक्तिवेग.

अनंत उंची असूनही उत्तर मर्यादित कसं येतं?

कारण वर जाताना ओढ कमी कमी होत जाते. आपण वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची हे सूत्र नववी-दहावीत इतकं घोकतो की ते अनंतापर्यंत ताणायला जातो, आणि चूक तिथेच होते. गुरुत्व त्वरण ९.८ हे जमिनीजवळचं. ४०० किलोमीटर उंचीवर ते सुमारे ८.७ असतं, आणि पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की चौथाई उरतं.

या कमी होणाऱ्या ओढीची सगळी बेरीज केली तर एक सुंदर गोष्ट हाती लागते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. समजा, त्रिज्येइतकीच खोल, म्हणजे ६,३७१ किलोमीटरची एक विहीर आहे आणि तिच्यात वरपासून तळापर्यंत ओढ सगळीकडे ९.८ च आहे. त्या विहिरीच्या तळातून भरलेला पोहरा वर काढायला जेवढी ऊर्जा लागेल, नेमकी तेवढीच पृथ्वीपासून कायमचं सुटायला लागते. आपण सगळे या अर्थानं एका आडाच्या तळाशी राहतो. सूत्रात मांडायचं तर मुक्तिवेगाचा वर्ग = २ × ९.८ × त्रिज्या. त्रिज्या मीटरमध्ये घालून वर्गमूळ काढून बघा, ११,२०० च्या आसपास येईल. दुसऱ्या ग्रहासाठी हेच असं लिहा: २ × गुरुत्वीय स्थिरांक × ग्रहाचं वस्तुमान ÷ केंद्रापासूनचं अंतर. चंद्रावर २.४, मंगळावर ५.० आणि गुरूवर सुमारे ५९.५ किलोमीटर प्रतिसेकंद.

जड वस्तूला जास्त वेग लागेल ना?

वेग तेवढाच. वस्तूचं वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असतं, ते कटून जातं. ऊर्जा मात्र वस्तुमानाच्या पटीत वाढते. एका किलोला लागतात सुमारे ६ कोटी २६ लाख ज्यूल. वीजबिलाच्या भाषेत १७.४ युनिट. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ८७० युनिट. गोकाकच्या भाषेत सांगायचं तर एक किलो वस्तू पृथ्वीबाहेर घालवायला तिथल्या कड्यावरून सुमारे १ लाख २३ हजार लिटर पाणी कोसळावं लागेल आणि त्यातला एक ज्यूलही वाया जाऊन चालणार नाही.

ऊर्जेच्या गणितात पृथ्वीची गतिज ऊर्जा कधीच का धरत नाही? धक्का तर तिलाही बसतो.

माझ्या मते या धड्यातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. बहुतेक पुस्तकं तो एका ओळीत उरकतात, म्हणून मी इथे जास्त वेळ घेणार आहे.

एक टन वस्तुमानाचा दगड ११.२ किलोमीटर वेगानं वर गेला, तर संवेग अक्षय्य राहायला पृथ्वीला तेवढाच संवेग उलट दिशेला मिळतो. संवेग सारखा, पण पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं इतके किलो. भागाकार केला की पृथ्वीचा वेग इतका कमी येतो की एका सेकंदात ती प्रोटॉनच्या रुंदीच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी सरकेल. आता गतिज ऊर्जा संवेगाच्या भाषेत लिहा: संवेगाचा वर्ग ÷ (२ × वस्तुमान). दोघांचा संवेग सारखा असेल तर ऊर्जेची वाटणी वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात होते. हलक्याला जवळजवळ सगळी, जडाला जवळजवळ काही नाही. आपल्या दगडाकडे सहा हजार कोटींहून जास्त ज्यूल येतात, आणि पृथ्वीच्या वाट्याला एका ज्यूलचे दहा हजार कोटी भाग केले तर त्यातला एखादा. म्हणून आपण तो सोडून देतो. संवेगाचा नियम आधी हे दाखवतो, आणि मगच ऊर्जेच्या गणितात पृथ्वीला वगळायची परवानगी मिळते.

पण ही परवानगी अटीवर आहे. सुरुवातीला पृथ्वी स्थिर आहे अशा जागी उभं राहून बघत असाल तरच ती चालते. एका विद्यार्थ्यानं पान भरून गणित केलं होतं आणि उत्तर भलतंच आलं होतं. त्यानं स्वतःला दगडाच्या सोबत ११.२ किलोमीटर वेगानं वर जाणाऱ्या यानात बसवलं होतं. हे यान इंजिनाच्या जोरावर आपला वेग कायम ठेवतं. त्याच्या खिडकीतून बघा. सुरुवातीला दगड स्थिर दिसतो, गतिज ऊर्जा शून्य. स्थितिज ऊर्जा ऋण, तिला ‘वजा ऊ’ म्हणू. पुढे गुरुत्वानं दगड मागे पडत जातो आणि शेवटी खिडकीतून तो ११.२ वेगानं उलट जाताना दिसतो, म्हणजे गतिज ऊर्जा ‘अधिक ऊ’. स्थितिज ऊर्जा मात्र ‘वजा ऊ’ वरून शून्यावर आली. दोन्हीकडे वाढच. एकूण वाढ २ ऊ. कोणी दिली?

पृथ्वीनं. या खिडकीतून पृथ्वी सुरुवातीपासून ११.२ वेगानं खाली पळते आहे. दगड तिला आपल्याकडे ओढतो, तिचा वेग किंचित कमी होतो. हा बदल आधीसारखाच नगण्य, पण तो गुणला जातो पृथ्वीच्या प्रचंड संवेगाशी. गुणाकार करून पाहा: दगडाचं वस्तुमान × वेगाचा वर्ग. हे नेमकं २ ऊ आहे. जमाखर्च पैशापर्यंत जुळतो.

त्या मुलाचं बीजगणित अचूक होतं, एक खातेदार राहून गेला होता. तेव्हापासून मी सांगते, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दोन गोष्टी आधी लिहा: खात्यात कोण कोण आहे, आणि आपण कुठे उभं राहून बघतो आहोत. मगच पेन सूत्राकडे न्या.

आणि दोन्ही वस्तू सारख्याच जड असतील तर?

मग कुणालाच स्थिर धरता येत नाही. दोन सारख्या लघुग्रहांना एकमेकांपासून सुटायचं असेल, तर सूत्रात एकाच्या वस्तुमानाऐवजी दोघांच्या वस्तुमानांची बेरीज घाला आणि जो वेग येईल तो एकमेकांच्या सापेक्ष वेग समजा. एकाला स्थिर धरून काढलेल्या उत्तरापेक्षा तो १.४१ पट येतो. संवेग शून्य राहायचा म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा निम्मा. पृथ्वी आणि दगडासाठीही खरं सूत्र हेच आहे, तिथे बेरजेत दगडाचं वस्तुमान दिसेनासं होतं इतकंच.

उपग्रह फुटून दोन तुकडे होतात, एक जागीच थांबतो, तर दुसरा सुटेल का? हे गणित दर परीक्षेला असतं.

सुटेल. वर्तुळाकार कक्षेतला वेग ‘व’ धरा. त्याच जागी मुक्तिवेग १.४१ व असतो, वर्गमूळ २ पट. दोन समान तुकडे, एक थांबला, म्हणजे संवेगाच्या नियमानं दुसऱ्याचा वेग २ व. तो १.४१ व पेक्षा जास्त, म्हणून गेला. थांबलेला तुकडा सरळ पृथ्वीकडे पडेल.

स्फोटाच्या क्षणी गतिज ऊर्जा अक्षय्य धरू नका, हे मात्र दहादा सांगते. ती वाढते, दारूगोळ्याच्या रासायनिक ऊर्जेतून. स्फोटाआधी आणि लगेच नंतर संवेग सारखा. स्फोट झाल्यावर पुढच्या प्रवासात प्रत्येक तुकड्याची एकूण यांत्रिक ऊर्जा सारखी. कोणता नियम कोणत्या टप्प्यावर, इथेच गुण जातात. ४०० किलोमीटर उंचीवर हे खरंच घडवायचं तर उपग्रहाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे सात किलो टीएनटी हे स्फोटक लागेल, तेव्हा हे गणित कागदावरच ठीक.

वेग १२ दिला, तर सुटल्यावर ०.८ उरेल ना?

नाही. वजाबाकी वेगांची नसते, वेगांच्या वर्गांची असते, कारण अक्षय्य ऊर्जा आहे. १४४ मधून १२५ गेले, १९ उरले, त्याचं वर्गमूळ सुमारे ४.३. दूर गेल्यावर वस्तू सेकंदाला ४.३ किलोमीटर वेगानं जात असेल. तसंच मुक्तिवेगाच्या निम्मा वेग दिला तर निम्मी वाट होत नाही. वस्तू जेमतेम २,१०० किलोमीटर चढून परत येते. ११ किलोमीटर दिला तर सुमारे १ लाख ८७ हजार. शेवटच्या थोड्याशा वेगाची किंमत अशी आहे.

दिशा कोणतीही चालते?

चालते, वाटेत जमीन येत नसेल तर. ऊर्जेला दिशा नसते. तिरपं किंवा अगदी आडवं सोडलं तरी ११.२ मध्ये सुटका होते, फक्त वाट पॅराबोलाची असते.

बेळगाव उंचावर आहे, इथून रॉकेट सोडलं तर फायदा होईल?

समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीनं मुक्तिवेगात सेकंदाला मीटरभरही बचत होत नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मात्र मोठा आहे: पूर्वेकडे सोडलं तर बेळगावच्या अक्षांशावर सेकंदाला जवळजवळ ४४७ मीटर फुकट मिळतात. श्रीहरिकोटाला ४५२ च्या आसपास, आणि पूर्वेला समुद्र असल्यामुळे जळालेले टप्पे कुणाच्या अंगणात पडत नाहीत.

एका किलोला १७ युनिट ऊर्जा पुरते, तर रॉकेटला एवढं इंधन कशाला?

हिशेबानं पाहिलं तर दीड किलो रॉकेल जाळून जेवढी उष्णता मिळते, जवळजवळ तेवढीच ऊर्जा एक किलो वस्तू पृथ्वीबाहेर घालवायला लागते. ऊर्जेचा नियम म्हणतो दीड किलो पुरे. पण प्रत्यक्षात, जाळायला सोबत न्यायचा ऑक्सिजन धरून, चाळीस किलो लागतात. त्यातला बराचसा वाटा संवेगाचा नियम मागतो.

राकसकोपच्या जलाशयात वल्ह्याशिवाय नावेत बसला आहात आणि नावेत दगड भरले आहेत, असं समजा. पुढे जायचं तर दगड मागे फेकायचे. पहिला दगड फेकता तेव्हा नाव उरलेल्या सगळ्या दगडांसकट ढकलावी लागते, म्हणून वेग थोडाच वाढतो. रॉकेटचं तेच. अवकाशात ढकलायला जमीन नाही, पाणी नाही, हवा नाही; स्वतःचंच वस्तुमान मागे फेकायचं, आणि जे नंतर फेकायचं आहे तेही तोवर वाहून न्यायचं. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली याचं समीकरण प्रसिद्ध केलं. वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगानं मागे सुटत असेल आणि रॉकेटला ११.२ गाठायचा असेल, तर सुरुवातीचं वस्तुमान शेवटच्या ४२ पट लागतं. द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या क्रायोजेनिक इंजिनात वायू ४.४ च्या आसपास वेगानं सुटतो. तिथे हीच पट १३ वर येते. क्रायोजेनिक तंत्रासाठी आपल्या लोकांनी इतकी वर्षं का खर्ची घातली, ते या दोन आकड्यांत आहे. यात हवेचा अडथळा आणि चढताना गुरुत्वाशी झगडण्यात जाणारा वेग अजून धरलेलाच नाही.

चांद्रयान-३ सरळ चंद्राकडे का गेलं नाही? पृथ्वीभोवतीच फेऱ्या का घालत होतं?

१४ जुलै २०२३ ला रॉकेटनं त्याला लांबट कक्षेत सोडलं: जमिनीपासून सर्वांत जवळ सुमारे १७० किलोमीटर, सर्वांत दूर सुमारे ३६,५०० किलोमीटर. या कक्षेचं गणित स्वतः करून बघा, त्यात दोन्ही अक्षय्यता एकत्र येतात. जवळच्या टोकाला यानाचा वेग १०.२८ येतो, दूरच्या टोकाला १.५७. केंद्रापासूनचं अंतर गुणिले वेग, म्हणजे ६,५४१ × १०.२८ आणि ४२,८७१ × १.५७, दोन्ही गुणाकार साधारण ६७,३०० येतात. हा दर किलोमागचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्यातला संवेग, तो या दोन टोकांना असा सरळ मोजता येतो.

आता सुटायला किती कमी पडतं ते पाहा. जवळच्या टोकाला मुक्तिवेग ११.०४, म्हणजे ०.७६ कमी. दूरच्या टोकाला मुक्तिवेग फक्त ४.३१, पण यानाचा वेगही १.५७ च, म्हणजे २.७४ कमी. पृथ्वीपासून दूर असताना सुटणं सोपं जाईल असं वाटतं, आणि गणित नेमकं उलट सांगतं. कारण वेगात ठरावीक वाढ केली की ऊर्जेत होणारी वाढ आधीच्या वेगाच्या पटीत असते; जो पळतो आहे त्याला दिलेल्या ढकलीतून जास्त ऊर्जा मिळते. याला ओबर्थ परिणाम म्हणतात. ही जादा ऊर्जा येते कुठून, हे पुन्हा खात्यातून शोधा. इंधनही यानासोबत त्याच वेगानं पळत होतं. ते मागे फेकलं गेल्यावर त्याची ऊर्जा घटते आणि यानाची वाढते.

म्हणून जवळच्या टोकाला येईल तेव्हा इंजिन थोडा वेळ चालवायचं, कक्षा लांबवायची, पुन्हा फेरी. अशाच फेऱ्या घातलेल्या मंगळयानाच्या मुख्य इंजिनाचा जोर ४४० न्यूटन होता, म्हणजे ४५ किलोचं पोतं उचलायला लागतो तेवढा. एका दमात एवढ्याशा इंजिनानं काम झालं नसतं. चांद्रयान १ ऑगस्टला चंद्राच्या वाटेला लागलं आणि २३ ऑगस्टला विक्रम उतरलं. त्यासाठी पृथ्वीचा मुक्तिवेग ओलांडावा लागला नाही. चंद्र स्वतःच पृथ्वीच्या ओढीत आहे. १ डिसेंबर २०१३ ला मंगळयानाला मात्र खरोखर सुटावं लागलं.

पृथ्वीपासून सुटलो म्हणजे सूर्यापासूनही सुटलो का?

नाही. पृथ्वीच्या कक्षेपाशी सूर्याचा मुक्तिवेग ४२.१ आहे. त्यातले २९.८ पृथ्वीच्या प्रदक्षिणेतून आपल्याला आधीच मिळालेले आहेत. त्याच दिशेला आणखी १२.३ हवेत. पृथ्वीच्या आडातून बाहेर पडल्यावर हे १२.३ उरायला हवेत, तर पुन्हा वर्गांची बेरीज: १२.३ चा वर्ग अधिक ११.२ चा वर्ग, वर्गमूळ सुमारे १६.६. एवढा वेग जमिनीपासून द्यायला लागतो.

नासाच्या व्हॉयेजर यानांनी उरलेली ऊर्जा वाटेत मिळवली. गुरू सूर्याभोवती सेकंदाला १३ किलोमीटर वेगानं फिरतो. त्याच्या मागच्या बाजूनं जाणारं यान गुरूच्या दृष्टीनं जितक्या वेगानं येतं तितक्याच वेगानं जातं, फक्त दिशा बदलते. सूर्याच्या दृष्टीनं मात्र त्याचा वेग वाढलेला असतो. यानाच्या खिडकीतून बघणाऱ्या त्या मुलाचंच हे गणित. तिथे पृथ्वीनं ऊर्जा दिली, इथे गुरू देतो. पाऊण टनाच्या यानाचा वेग सेकंदाला दहा किलोमीटर वाढला असं धरलं, तर गुरू मंदावतो तो सेकंदाला एका मीटरचे एकावर वीस शून्यं इतके भाग केले तर त्यातल्या अर्ध्याहूनही कमी भागानं. ५ सप्टेंबर १९७७ ला निघालेलं व्हॉयेजर-१ आज पृथ्वी–सूर्य अंतराच्या १६० पटींहून लांब आहे. तिथे सूर्याचा मुक्तिवेग साडेतीनपेक्षाही कमी उरला आहे, आणि यान सतराच्या वेगानं चाललं आहे.